गायकाचं चरित्र लिहिताना मैफलींचे तपशील कसे तपासायचे?

कोमल_निषाद

नमस्कार. एका ख्यालगायकाचं चरित्र लिहायला घेतलं आहे. जन्म १९१० च्या दशकातला, मृत्यू १९८० च्या दशकातला. घरच्यांची संमती आहे आणि साहित्यही भरपूर आहे: स्पूलची रिळं, कॅसेटींचा खोका, दोन तबकड्या, आकाशवाणीची करारपत्रं, निमंत्रणपत्रिका, पत्रं. शिष्यांच्या मुलाखती चालू आहेत.

अडचणी अशा. बहुतेक कॅसेटींवर 'मारवा, पुणे' एवढंच लिहिलंय, तारीख नाही. एकाच काळातल्या वाटणाऱ्या टेपांवर पट्टी (पेटीच्या ज्या सुराला षड्ज धरून गातात तो सूर) कधी पांढरी एक, कधी काळी एक, कधी थेट काळी दोन येते. बुवांची खरी पट्टी कोणती लिहायची? शिष्य साल सांगतात ते एकमेकांशी जुळत नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मैफलीचं वर्णन. दरवेळी लेखणी 'श्रोते मंत्रमुग्ध झाले' याच वाक्यावर येऊन थांबते. परिशिष्टात बंदिशी स्वरलिपीसह द्यायच्या आहेत, त्याबद्दलही सांगा.

हे काम केलेल्यांनी नेमकं, हाताने करता येईल असं सुचवावं.

जुनी_रिळं

आधी टेपांचं बोलतो, कारण पुस्तक थांबू शकतं, टेप थांबत नाही.

पहिलं काम आजच करा. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या चकत्या असतात, त्या मोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मूळ आवाज पुसला जाणार नाही.

रिळं घरच्या जुन्या यंत्रावर 'फक्त बघू' म्हणून लावू नका. टेप उजेडात आडवी धरून बघा. टेप ॲसिटेट किंवा पॉलिएस्टर या प्लास्टिकची असते. गठ्ठ्यातून उजेड आरपार दिसला तर ती बहुधा ॲसिटेट, आणि व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिची झीज सुरू झालेली आहे. ॲसिटेट टेप ताण आला की सरळ तुटते, ती जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणली जाते आणि ताणलेला भाग कायमचा वेडावाकडा वाजतो. काही पॉलिएस्टर टेपा, विशेषतः १९७० नंतरच्या, हवेतला ओलावा पिऊन चिकट होतात. वाजवताना किंचाळतात, यंत्राच्या हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) तपकिरी मळ सोडतात. असं झालं तर तत्काळ थांबा. त्यांना मंद उष्णता देऊन तात्पुरतं वाजण्याजोगं करता येतं, पण ते जाणकार प्रयोगशाळेचं काम आहे. ॲसिटेट टेपला मात्र ही उष्णता कधीच द्यायची नाही.

रिळाचा वेग घरगुती यंत्रांवर सेकंदाला साडेनऊ किंवा एकोणीस सेंटिमीटर असायचा. साडेनऊची टेप एकोणीसवर लावली तर गायक सप्तकभर वर जातो, ते लगेच कळतं. मध्येच उलटं गाणं ऐकू आलं तर टेप पाव-ट्रॅकची (रुंदीत आवाजाचे चार पट्टे असलेली) आहे आणि तुमचं यंत्र अर्ध्या ट्रॅकचं (दोन पट्ट्यांचं). दुसऱ्या बाजूचं गाणं उलट्या दिशेने मिसळतंय. टेप खराब झालेली नाही.

कॅसेट सूर हरवल्यासारखी, गोधडीखालून आल्यासारखी वाजत असेल तर हेडचा कोन बघा. हेडशेजारच्या बारीक स्क्रूने तो जुळवता येतो. आवाज मोनो करा आणि तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकार) सर्वांत उजळ ऐकू येईल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटसाठी वेगळं करावं लागतं, कारण प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असते. आतला नमद्याचा तुकडा (टेप हेडवर दाबून धरणारी गादी) गळून पडला असेल तर आवाज येतो-जातो. टेप काढून दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात बसवा.

डिजिटल प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची, वेव्ह फाइलमध्ये ठेवा. खरखर काढण्याचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, कारण आता पट्टीचा प्रश्न सोडवायचाय आणि त्यासाठी ती 'खराबी'च कामाला येते.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. रेकॉर्डिंगमध्ये माइकच्या वायरीतून, ॲम्प्लिफायरमधून एक घरघर शिरलेली असते. ती मुळात ५० वर आणि तिच्या दुपटीला १०० वर असते. दोन रागांमधला शांत तुकडा निवडून संगणकावर स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेवर किती आवाज आहे याचा आलेख) काढा. या दोन सरळ रेघा दिसतात, बऱ्याचदा १०० ची जास्त स्पष्ट. घरघर ४७.२ वर दिसली तर टेप हळू वाजते आहे. वेग ५० भागिले ४७.२, म्हणजे १.०५९ पट करायचा. हा बरोबर एका अर्धस्वराचा फरक. तुम्हाला पांढरी एक वाटणारी मैफल मुळात काळी एकची निघते. वेगात सहा टक्के फरक म्हणजे एक अर्धस्वर, हे लक्षात ठेवलं की पुष्कळ गोंधळ मिटतो.

यातही खाचा आहेत. विजेची वारंवारता नेहमी ५० वर स्थिर नसे. ती दोन टक्के हलली तरी अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी चूक होते. तेव्हा हा पुरावा एकटा पुरेसा नाही, साथीच्या हार्मोनियमचा सूर घेऊन पडताळा. रेकॉर्डर बॅटरीवर चाललेला असेल तर घरघर नसतेच आणि बॅटरी उतरत गेली की टेप हळू भरली जाते. ती नंतर नीट वेगाने वाजवली की सूर सावकाश चढत जातो. तासाभरात तंबोरा अर्ध्या सुराने वर गेला तर तो बुवांचा दोष नाही, बॅटरीचा आहे.

तबकड्यांचं सोपं आहे. तुमचे गायक १९३० नंतरच रेकॉर्ड झाले असणार, तोवर मिनिटाला ७८ फेरे हा वेग बऱ्यापैकी पक्का झाला होता. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या तबकड्या ७० ते ८२ पर्यंत कुठल्याही वेगाच्या असू शकतात. ७४ ची तबकडी ७८ वर वाजवली तर आवाज जवळजवळ अर्धस्वर चढतो आणि भारदस्त गायकसुद्धा पातळ आवाजाचा वाटतो. जुन्या गायकांच्या आवाजाबद्दल पुस्तकांत जे लिहिलं जातं त्यातलं काही या फरकातूनच आलेलं आहे.

आडा_चौताल

वरचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे, पण एक सावधगिरी. वेग दुरुस्त केल्यावर सगळ्या टेपा एकाच पट्टीवर याव्यात अशी अपेक्षा धरू नका. वयाबरोबर गळा उतरतो, पुष्कळ गायक पन्नाशी-साठीत अर्धी किंवा एक पट्टी खाली येतात. आजारपणात, पहाटेच्या मैफलीतही खाली लावतात. 'बुवांची पट्टी काळी एक' असं एक वाक्य लिहिण्यापेक्षा तारीख आणि पट्टी असा तक्ता करा. त्या तक्त्यात गायकाच्या गळ्याचं चरित्र दिसेल, आणि गायकाच्या चरित्रात ते असायलाच हवं.

आता तारखा. वेष्टनावरच्या अक्षरावर विश्वास ठेवू नका. कॅसेट हा प्रकारच १९६३ मध्ये आला. 'मुंबई १९५८' असं लिहिलेली कॅसेट ही रिळाची प्रत आहे, आणि प्रत करणाऱ्याने साल आठवणीने लिहिलंय. रागाचं नावही तपासा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारव्यात रिषभ-धैवतावर भर, षड्ज टाळत जायचं; पूरियात गंधार-निषाद आणि मंद्राकडे (खालच्या सप्तकाकडे) ओढ; सोहनी तार षड्जाभोवती. वेष्टनावर 'मारवा' असलेली टेप नीट ऐकली तर पूरिया निघण्याची शक्यता बरीच असते.

तारीख बसवायला आवाजातल्याच खुणा शोधा. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. त्या काळातलं प्रसारण म्हणून सांगितलेल्या टेपवर पेटी वाजत असेल तर साल चुकलंय किंवा ते प्रसारण नाही, खासगी मैफल आहे. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. त्याआधीचं 'पुणे केंद्रावरचं गाणं' असू शकत नाही. गायक सवाई गंधर्व गेले १२ सप्टेंबर १९५२ ला आणि त्यांच्या स्मृतीतला महोत्सव १९५३ पासून. 'सवाईत पन्नास साली गायले' हे वाक्य मुलाखतीत आलं की साल खोडून बाजूला प्रश्नचिन्ह करा, माणसाला खोटं ठरवू नका. मैफल खरी असते, साल सरकलेलं असतं.

करारपत्रं तुमच्याकडे आहेत हे मोठं भाग्य. त्यावर तारीख, वेळ, किती मिनिटं आणि मानधन असतं. ते आकाशवाणीच्या छापील कार्यक्रमपत्रकाशी ताडा. 'द इंडियन लिसनर' हे पाक्षिक १९३५ च्या डिसेंबरपासून निघत होतं, त्यात कलाकार, वेळ आणि कित्येकदा राग छापलेला आहे. मात्र पत्रक आधी छापलं जातं, गायक आजारी पडला तर बदल त्यात येत नाही. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचंही तेच. जाहिरात म्हणजे मैफल ठरली होती एवढाच पुरावा. झाली हे सांगायला नंतरचं परीक्षण, पत्र किंवा टेप लागते.

कोल्हापूर, मिरज, इचलकरंजीकडच्या जुन्या कागदांवर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर नुसते ७८ मिळवून मोकळे होऊ नका. वर्ष पाडव्याला बदलतं. शके १८४५ चा चैत्र १९२३ मध्ये येतो, पण त्याच शकाचा माघ १९२४ मध्ये. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे. उस्तादांच्या घरांत वय हिजरी वर्षांनी मोजलेलं असू शकतं. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान. पंच्याहत्तर हिजरी वर्षं म्हणजे आपली त्र्याहत्तरलाही थोडी कमी. जन्मसालांचे कित्येक वाद एवढ्याशा हिशेबाने सुटतात.

गुरुपरंपरेसाठी एक साधी फूटपट्टी: गुरूच्या मृत्यूची तारीख आणि शिष्याचं जन्मसाल शेजारी लिहायचं. त्या काळातले मोठे गुरू घ्या: भास्करबुवा बखले १९२२ च्या एप्रिलमध्ये गेले, अब्दुल करीम खाँ २७ ऑक्टोबर १९३७ ला, अल्लादियाँ खाँ १६ मार्च १९४६ ला. १९१५ मध्ये जन्मलेल्या माणसाने भास्करबुवांची तालीम घेतली असं कुणी सांगितलं तर तो तेव्हा फार तर सात वर्षांचा होता. ऐकलं असेल, मांडीवर बसला असेल. तालीम हा शब्द तिथे वापरू नका.

वहीत_नोंद

मुलाखतींबद्दल थोडक्यात. 'कोणत्या साली?' हा प्रश्न विचारूच नका. सालाची आठवण बहुतेकांची कच्ची असते, घटनेची पक्की. 'पानशेतच्या आधी की नंतर?' असं विचारा. पानशेत १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी जून १९७५ ते मार्च १९७७. शिष्याच्या स्वतःच्या आयुष्यातल्या खुणाही घ्या: मॅट्रिक, पहिली नोकरी, लग्न.

समोर फोटो ठेवा आणि डावीकडून एकेक माणूस ओळखायला सांगा. तंबोरे कुणी लावले, तबल्यावर कोण होतं, मैफल किती वाजता मोडली, परत कसे आलात, या प्रश्नांतून जे निघतं ते 'बुवांबद्दल काही सांगा' यातून कधीच निघत नाही. 'सांगा' म्हटलं की माणूस भाषण देतो.

दोन उपकरणांवर रेकॉर्ड करा, सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि संमती बोलून घ्या. तासाभराच्या मुलाखतीचं लेखन करायला चार ते सहा तास धरा. पंखा बंद ठेवा. तोच मुलाखतीचा मोठा शत्रू.

कोमल_निषाद

सगळ्यांचे आभार, फार मोलाचं आहे. दोन गोष्टी विचारतो.

@जुनी_रिळं, एका कॅसेटच्या स्पेक्ट्रममध्ये ४८.९ आणि ५० अशा दोन रेघा शेजारी शेजारी दिसतात. कुठली धरायची?

आणि आख्यायिकांचं काय करावं? गुरूच्या दाराबाहेर उभं राहून विद्या मिळवली, एका महाराजांनी मैफल संपल्यावर हातातलं कडं काढून दिलं, एका बड्या उस्तादाने 'याच्यानंतर मी गाणार नाही' म्हटलं. शिष्य हे सगळं मनापासून सांगतात. वगळलं तर ते दुखावतील.

जुनी_रिळं

दोन रेघा म्हणजे ती बहुधा प्रत आहे. ५० ची रेघ नंतरच्या प्रतीच्या किंवा तुमच्या डिजिटायझेशनच्या वेळची. ४८.९ ची मूळ मैफलीची. दुरुस्ती ४८.९ धरून करा: १.०२२५ पट, म्हणजे जवळपास ३८ सेंट वर. अर्धस्वर १०० सेंटचा धरला तर हा फरक कानाला नक्की जाणवेल. तीन रेघा दिसल्या तर ती बहुधा प्रतीची प्रत आहे. मग आधी मूळ रीळ कुणाकडे आहे ते शोधा.

कॅसेटची बाजू कुठे संपते तेही नोंदवा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं. बडा ख्याल (विलंबित, म्हणजे संथ लयीतला) अचानक संपून दुसऱ्या बाजूला द्रुत (जलद) सुरू झालेला दिसला तर 'बुवांनी विलंबित आवरतं घेतलं' असं लिहू नका. टेप उलटेपर्यंत गेलेली मिनिटं कुणाकडेच नाहीत.

आडा_चौताल

आख्यायिका वगळू नका, पण जागा बदला. दाराआडून विद्या मिळवणं, कडं काढून देणं, बड्या उस्तादाचा नकार, या तिन्ही गोष्टी कितीतरी गायकांच्या नावावर सांगितल्या जातात. गोष्ट एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात फिरते तेव्हा तिच्यात नाव बदलतं, सांगाडा तोच राहतो. म्हणून प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न लावा. सांगणारा तिथे हजर होता का? नसेल तर त्याने कुणाकडून ऐकलं? गोष्टीत तपासता येईल असं एक तरी टोक आहे का, म्हणजे गावाचं नाव, साथीदार, सण, संस्थानिकाचं नाव?

टोक असेल तर ओढून बघा. महाराज कोण? शाहू महाराज असतील तर ते ६ मे १९२२ ला गेले, आणि १९१० च्या दशकात जन्मलेला तुमचा गायक तेव्हा फार तर बारा वर्षांचा. मग ही गोष्ट त्यांच्या गुरूची असून शिष्यावर सरकलेली असू शकते, आणि तेच लिहिण्याजोगं आहे: ही हकिगत घराण्यात कशी सांगितली जाते, कोणाकडून कोणाकडे आली. सांगणाऱ्याचं नाव द्या, 'असं ते सांगतात' एवढं स्पष्ट ठेवा. शिष्याचा मानही राहतो आणि वाचकाची फसवणूकही होत नाही.

जे मनापासून नको वाटतं ते दुसरंच. घरातली भांडणं, व्यसन, दुसरं घर, हे सगळं 'कलावंताचं मन' या पांघरुणाखाली लपवायचं, किंवा उलट त्याचाच मसाला करायचा. गाण्यावर परिणाम झाला तेवढं लिहा. दोन वर्षं मैफली बंद होत्या तर का बंद होत्या हे वाचकाला कळलं पाहिजे. आणि घरातल्या बायकांच्या श्रमाची नोंद करा. तालमीला आलेल्या शिष्यांचा संसार कोण सांभाळत होतं, मुलींना शिकवलं की नाही, हे प्रश्न गायकांच्या चरित्रात विचारलेच जात नाहीत. चरित्र अर्धं राहतं.

तार_षड्ज

मैफलीच्या वर्णनाचा प्रश्न कुणी घेतला नाही, तो घेतो. माझ्या मते पुस्तक तिथेच उभं राहतं किंवा पडतं.

लिहिण्याआधी टेपची नोंदवही करा. डावीकडे मिनिट-सेकंद, उजवीकडे काय झालं. सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आली, मुखडा (समेकडे नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) कितव्या मात्रेपासून उचलला, कुठला स्वर पहिल्यांदा लागला, अंतरा कधी, बोलतान कधी, तबलजीला जागा कधी दिली, दाद कुठे. एका तासाच्या टेपसाठी तीन-चार वेळा ऐकावं लागतं: एकदा फक्त स्वर, एकदा फक्त लय, एकदा फक्त सभागृहातले आवाज.

आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) मोजा. विलंबित एकतालात मिनिटाला पंधरा मात्रा असतील तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं. अर्ध्या तासात सदतीस-अडतीस आवर्तनं. त्यातली किती फक्त आलापीला, किती बोल-आलापाला, हे कळलं की गायकाचा विचार कळतो. आणि हेही कळतं की तबकडीवरच्या तीन-साडेतीन मिनिटांत अशी जेमतेम चार आवर्तनं मावली असती. म्हणून तबकडीवर बहुतेक मध्य किंवा द्रुत लयीतली चीज असते. तबकडी ऐकून गायकाच्या मैफलीबद्दल मत देणं हा मोठा अन्याय आहे. तुमच्याकडे दोन्ही आहेत. त्यांची तुलना एका स्वतंत्र प्रकरणात घ्या.

मग लिहायचं कसं? 'बुवांनी मारवा असा रंगवला की श्रोते देहभान विसरले' हे वाक्य कुठल्याही गायकाला, कुठल्याही रागाला चालतं. म्हणून ते कुणाचंच नाही. नोंदवही हाती असेल तर असं लिहिता येतं:

'पहिली अकरा मिनिटं बुवा मंद्र धैवत ते मध्य गंधार एवढ्याच पट्ट्यात फिरतात. तंबोऱ्यात षड्ज सतत आहे, गळ्यातून येत नाही. कोमल रिषभावर येऊन थांबतात आणि षड्जाच्या उंबऱ्यावरून परत धैवताकडे वळतात. बाराव्या मिनिटाला समेच्या आधी दोन मात्रा षड्ज लागतो आणि तबलजीचाच आवाज टेपवर येतो: वाह!'

यात स्तुतीचं विशेषण एकही नाही आणि वाचकाला राग कळला नाही तरी ताण कळतो. दाद कुणी दिली, कधी दिली, हे लिहा. समेवरची दाद सवयीची असते. आलापाच्या मधोमध आलेली एक 'आहा' जास्त सांगते.

तंबोरे ऐका. मारव्यात पंचम नाही, मग पहिली तार निषादात लावली की धैवतात? दोन तंबोरे वेगळे लावलेत का? मागे बसलेला शिष्य कधी सूर भरतो आणि कधी गप्प केला जातो? या गोष्टी मैफलीचं बसणं दाखवतात. खोली किती मोठी, माइक होता की नाही, बैठक जमिनीवर की खुर्च्या, कितव्या क्रमांकावर गायले, हे निमंत्रणपत्रिकेवरून आणि मुलाखतीवरून मिळेल. शेवटच्या क्रमांकावर पहाटे गाणाऱ्याला वेगळे राग मिळतात, वेगळा श्रोता मिळतो, थकलेला तबलजी मिळतो.

ज्या मैफलीची टेप नाही तिचं असं वर्णन करूच नका. तिथे परीक्षण उद्धृत करा, आठवण सांगणाऱ्याच्या शब्दांत द्या आणि पुढे जा. न ऐकलेल्या मैफलीत स्वतः जाऊन बसणारा चरित्रकार वाचकाला लगेच ओळखू येतो, मग ऐकलेल्या मैफलींवरचाही विश्वास उडतो.

मुद्रितशोधक

बंदिशींचं आणि छपाईचं. स्वरलिपीची भातखंडे पद्धत घ्या, वाचकांना तीच सवयीची. कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ यांसाठी चित्रं घालत बसू नका. युनिकोडमध्ये वैदिक स्वरांची चिन्हं आहेत, तीच चालतात: रे॒ ग॒ म॑ ध॒ नि॒. तार सप्तकाला अनुस्वार: सां. मंद्राला खालचा नुक्ता (ठिपका), पण तो व्यंजनानंतर लगेच आणि वेलांटीच्या आधी टंकावा. उलटं झालं की ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं. निवडलेला फाँट ही चिन्हं नीट बसवतो का हे एक पान छापून बघा, पडद्यावर दिसणं पुरेसं नाही.

मात्रा कधीही स्पेस देऊन जुळवू नका. फाँट बदलला की सगळी बंदिश सरकते आणि सम भलत्याच अक्षरावर येते. विभागाप्रमाणे तक्ता करा, एका घरात एक मात्रा, लांबवलेल्या स्वराला आडवी रेघ (–), लांबवलेल्या अक्षराला अवग्रह (ऽ). तक्ता दोन पानांत तुटू देऊ नका. आवर्तन तुटलेली बंदिश वाचता येत नाही. बंदिशीचे शब्द ज्या शिष्याने सांगितले त्याचं नाव खाली द्या. पाठभेद असले तर दोन्ही छापा. 'शुद्ध' पाठ ठरवण्याचा अधिकार चरित्रकाराकडे नसतो.

हक्कांचं लक्षात ठेवा. पत्र ज्याच्याकडे आहे त्याचा कागद, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. दुसऱ्या गायकाने बुवांना लिहिलेलं पत्र पूर्ण छापायचं तर त्या घरची परवानगी हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क राहतो, आणि हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनासाठी ही ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. फोटो ज्याने काढला त्याचंही नाव शोधा. पुस्तकात क्यूआर कोड देऊन टेप ऐकवणार असाल तर कलाकाराचे हक्क वेगळे असतात. ते सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं चालतात आणि तबलजी-पेटीवाल्यांचेही असतात. फक्त बुवांच्या घरची संमती पुरणार नाही. लेखी घ्या, एका पानाची.

शेवटी सूची. मराठी चरित्रांत ती नसते किंवा घाईत केलेली असते, आणि अभ्यासक पहिल्यांदा तिथेच जातो. उस्तादांची नावं 'खाँ' खाली लावू नका, अल्लादियाँ खाँ 'अ' खालीच हवेत. खाँ, खां, खान यांतलं एक रूप सुरुवातीलाच ठरवा आणि संपूर्ण पुस्तकात तेच ठेवा. गायिकांची माहेरची, सासरची आणि मंचावरची नावं एकमेकांकडे निर्देश देऊन जोडा. व्यक्तिसूचीशिवाय रागसूची करा, आणि बंदिशींची सूची पहिल्या शब्दांवरून, सोबत राग आणि ताल. मैफलींचा तक्ता तारखेने लावा: तारीख, ठिकाण, साथीदार, राग, पट्टी, पुरावा. पुराव्याच्या रकान्यात 'टेप', 'करारपत्र', 'परीक्षण', 'आठवण' यांपैकी एक शब्द आलाच पाहिजे. ज्या ओळीत तो रकाना रिकामा राहील ती ओळ तक्त्यातून काढा.

कोमल_निषाद

मैफलींचा तक्ता आजच सुरू केला. पुराव्याचा रकाना पहिल्यांदाच कळला, नाहीतर ही यादी 'अनेक ठिकाणी गायले' यावरच थांबली असती. 'मारवा, पुणे' वाली कॅसेट वेग दुरुस्त करून पुन्हा ऐकली. वजन गंधार-निषादावर आहे, आलापी बराच वेळ मंद्रात रेंगाळते. मला तो आता पूरिया वाटतो आहे. साथीला सारंगी आहे, पेटी नाही. दहा मिनिटांचा तुकडा खाली जोडतो. @आडा_चौताल, @तार_षड्ज, ऐकून मत द्या.

आडा_चौताल

ऐकला. पूरियाच आहे, मारव्याचा धैवत असा कधीच सोडून देत नाहीत. सारंगी आहे म्हणून लगेच १९७१ च्या आधीचं आकाशवाणीचं ठरवू नका. खासगी मैफलीतही सारंगी असायची. करारपत्रांत पुणे केंद्राचं, संध्याकाळच्या वेळेचं पत्र शोधा आणि कार्यक्रमाची मिनिटं टेपशी जुळवा. टेप सुरुवातीला थोडी मागे नेऊन बघा, निवेदकाच्या आवाजाचं शेपूट पुष्कळदा राहिलेलं असतं.